हैदराबादेत त्रिनिदादचा नाच

मुळे बाईंनी माझ्या मुलीला गॅदरिंगच्या नाचातून काढलं नव्हतं. मी काढायला लावलं होतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. प्रज्ञा तेव्हा पाचवीत होती आणि बाईंनी तिला पहिल्या रांगेत घेतलं होतं. मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातून उठून शाळेत गेलो आणि म्हणालो, "तिचं नाव तेवढं कमी करा." बाई म्हणाल्या, "पोरीला काय सांगू?" मी म्हणालो, "काहीही सांगा, माझं नाव नका सांगू." बाईंनी शब्द पाळला. वर्गातल्या कुणीतरी प्रज्ञाला सांगितलं की तू काळी म्हणून तुला काढलं. ती रडत घरी आली, तिच्या आईनं मुळे बाईंचा यथेच्छ उद्धार केला, आणि मी पेपर वाचत बसलो. पेपर सुलटा धरला होता, एवढंच.

प्रवासवर्णनाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण या खेपेला हैदराबादेत जे पाहिलं, खाल्लं आणि वाजवलं, ते सगळं याच गोष्टीला येऊन चिकटतं. म्हणून आधी ती सांगून टाकली. आता निघू.

गौलीगुडा

नांदेडहून बसनं गेलो. गौलीगुड्याला उतरलो तर एक ऑटोवाला थेट माझ्याकडेच आला. "नांदेड से आए क्या चच्चा?"

मी चकित. "कैसे पहचाना?"

"बॅग छाती कू लगा के पकडे ना. बस में कोई कुछ बोले भी नक्को, लिए भी नक्को, ऐसा."

माझं इतकं अचूक वर्णन ऑफिसात चोवीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यानंही केलेलं नाही. तेवढ्यात प्रज्ञा स्कूटीवर आली. "पप्पा, हेल्मेट!" म्हणून माझ्या डोक्यावर गुलाबी हेल्मेट चढवलं. पाटबंधारे खात्यातला माणूस गुलाबी हेल्मेट घालून हैदराबादेतून चालला आहे हे नांदेडात कुणाला कळणार नाही, या समाधानात मी मागे बसलो. आता लिहिलंच आहे तर कळू दे.

प्रज्ञा हिमायतनगरला राहते. एका कंपनीत नोकरी, आणि खोलीत पुण्याची केतकी. केतकी मराठी झकास बोलते, वाचायची वेळ आली की घाबरते. तिच्या मावशीनं पाठवलेली लग्नपत्रिका तिनं माझ्या हातात दिली. "काका, तुम्हीच वाचा ना मोठ्यानं. मी वाचायला बसले तर वऱ्हाड परत येईल."

मी पत्रिका वाचली. दोघी मांडी घालून ऐकत होत्या. मग प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, संध्याकाळी तुम्हाला आमच्या क्लासला न्यायचंय. नाचाच्या." आणि माझ्या तोंडाकडे बघून पुढे म्हणाली, "नुसतं बसायचं. खुर्ची आहे तिथं."

ड्रायक्लीनरच्या वरचा मजला

खुर्ची होती, प्लास्टिकची. पाचच मिनिटांत क्लास घेणाऱ्या मर्लीननं ती माझ्या बुडाखालून काढून घेतली. "अंकल, कुर्सी मेरे कू होना. तुम खडे रहो, पाँव कू ठंडा हवा लगता."

मर्लीन त्रिनिदादची. कॅरिबियन समुद्रातलं बेट. शिक्षणासाठी हैदराबादेत आली आणि हिंदी ऑटोवाल्यांकडून शिकली. त्यामुळे तिचं सगळं दखनी, वर 'हौ' आणि 'नक्को' हुकमी. उंच, रंगानं कुळकुळीत काळी, डोक्याला पांढरं फडकं बांधलेलं. जिना चढताना खालच्या ड्रायक्लीनरच्या गिऱ्हाइकानं तिला विचारलं होतं, "मॅडम, आफ्रिका?" ती म्हणाली, "नई भई, दूसरा मंझिल."

हा नाच कसा, ते सांगायचा प्रयत्न करतो. बायका घेरदार झगे घालतात, आणि दोन्ही हातांनी झग्याची टोकं धरून मान उंच करतात, एखाद्या गोऱ्या मडमेसारखी. वरचं अंग अगदी दिमाखात. खाली मात्र गुडघे वाकलेले, पाऊल सबंध जमिनीला टेकलेलं, कंबर डफाच्या ठेक्यावर स्वतंत्र कारभार करणारी. वरून मडम आणि खालून मर्लीनची आजी. हे तिच्या आजीनंच तिला शिकवलं.

मर्लीननं गोष्ट सांगितली ती अशी. उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. मालकाच्या बंगल्यात झुंबराखाली नाचाच्या मैफली झडत आणि गुलाम खिडकीतून बघत. मग आपल्या वस्तीत येऊन त्याच नाचाची, मालकिणीच्या त्याच चालीची टर उडवत. हसून हसून पोट धरत. मालकाला वाटे, वा, आमचे संस्कार उचलतायत!

"उनों समझते थे हम सीख रहे," मर्लीन म्हणाली. "हम उनकी नकल उतार रहे थे."

केतकी हसता हसता खाली बसली. मलाही हसू आलं, पण मी ते मिशीत ठेवलं.

मग वर्गाचा मुख्य भाग. प्रत्येकीनं आपापला 'मालक' आणायचा. तुमच्या मानेवर ज्यानं पाय ठेवला, त्याची चाल नाचून दाखवायची. केतकीनं तिच्या ऑफिसातला टीम लीडर आणला. तो उघडा लॅपटॉप तळहातावर घेऊन वेटरसारखा फिरतो म्हणे. सगळा वर्ग लोळला.

मग प्रज्ञा उभी राहिली. पदर ओढून खांद्यावर घेतला, चष्मा नाकावर सरकवला, खडूची पूड झटकली. बोटानं मुली मोजत ठेक्यावर पुढे सरकत गेली. एका जागी थांबली. वाकून कुणा लहान मुलीचा चेहरा न्याहाळला. नाक मुरडलं. दोन बोटांनी, झुरळ उडवावं तसं, तिला बाजूला केलं.

टाळ्या पडल्या. मला घाम फुटला.

"ये कौन?" मर्लीननं विचारलं.

"माय टीचर. मुळे बाई," प्रज्ञा म्हणाली. "काळी म्हणून मला डान्समधून काढलं होतं. रविवारी आमच्या क्लासचा प्रोग्रॅम आहे, त्यात नावासकट सांगणार आहे मी. आणि व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकणार. बघू दे सगळ्यांना."

मुळे बाई निवृत्त होऊन नांदेडातच आहेत. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पुढे.

जाताना मर्लीननं डब्यातून तिच्याकडचा पदार्थ दिला. छोटे छोटे भटुरे, मधे हरभऱ्याची उसळ, काकडी आणि चिंचेची चटणी. मळ्यांवर पुढे बिहारकडचे मजूर नेले, त्यांनी तो तिकडे रुजवला. फार चविष्ट होता असं दोघी म्हणाल्या. मला त्या संध्याकाळी कशाचीच चव कळली नाही.

बेगम बाजार

दुसऱ्या दिवशी शनिवार. प्रज्ञाला ऑफिसचं काम निघालं, म्हणून मर्लीनबरोबर सामान आणायला मी गेलो. सामान म्हणजे पत्र्याचे रिकामे डबे. तिच्या देशात इंग्रजांनी ढोल वाजवायलाच बंदी घातली, तेव्हा लोकांनी बांबू आपटले, बिस्किटांचे डबे बडवले, तेलाची पिंपं ठोकून त्यांतून सूर काढले. म्हणून तिच्या कार्यक्रमात डबे लागतातच.

बेगम बाजारात एकदा शिरलं की बाहेर यायचा रस्ता दुकानदारालाच विचारावा लागतो. मिरचीच्या पोत्यांची गल्ली शिंकत पार केली, भांड्यांच्या गल्लीत कान बधिर झाले, मग डब्यांचं दुकान सापडलं. मर्लीन एकेक डबा उचलून वाजवून बघू लागली. सहाव्या की सातव्या डब्याला मालक उठला.

"बीबी, डब्बा लेने आए कि बरात निकालने?"

"भैया, आवाज देख रहे."

"तेल भरने कू आवाज कैकु होना?"

मी म्हणालो, "तो नको. त्याला तळाला पोचा आहे, दबका वाजेल. तो वरचा काढा, कळकट दिसतोय तो." मग काय झालं मला माहीत नाही. दुकानात बांबूच्या कामट्या पडल्या होत्या. एक जाड आणि एक बारीक घेतली, डबा मांडीवर आडवा घेतला, आणि वाजवला. डाव्या हातात बारीक, उजव्यात जाड. नांदेड जिल्ह्यात डफडं ज्यानं ऐकलंय त्याला तो ठेका लगेच कळेल. दुकानाचा हमाल पोतं डोक्यावर घेऊनच थबकला. मालक म्हणाला, "चच्चा, ये तो तुम पहलेइच निकाल चुके बरात!"

मी कामट्या टाकल्या. कान तापले.

नंतर एका गाड्यावर मिरचीभजी खाताना मर्लीननं विचारलं, "अंकल, इत्ता अच्छा बजाते, छुपाते कैकु?"

मी तिला सांगितलं. हिंदी माझी बेताची, पण ती दखनीवाली, जमलं. आमच्या आजोबांना गावात डफडं वाजवावं लागे. दवंडी द्यायला, आणि पाटलाच्या घरच्या वरातीपुढे. नुसतं वाजवून भागत नसे, नाचावंही लागे, घरातल्या बायापोरांनीसुद्धा. न नाचून सांगता कुणाला! मग आम्ही बौद्ध झालो. आजोबांनी डफडं गोदावरीत सोडलं, आणि घराला नियम घातला: कुणापुढे वाजवायचं नाही, कुणापुढे नाचायचं नाही. वडिलांनी तो पाळला. मी पाळला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत पोरं बेभान नाचतात, मी पांढरा शर्ट घालून कडेनं चालतो. पाय शर्टाचं ऐकतात, बोटं ऐकत नाहीत. लहानपणी चुलत्याकडे एक फुटकं डफडं राहिलं होतं, त्यावर चोरून शिकलो होतो.

तिनं हातातलं भजं खाली ठेवलं. "हमारे कू बोले, ढोल नक्को बजाओ. हम बजाए. तुम्हारे कू बोले, बजाओ. तुम नई बजाए." मग हसली. "अंकल, बोलने वाला एकीच था."

मला हे कधी सुचलं नव्हतं. त्यांचं वाजवणं आणि आमचं न वाजवणं शेजारी शेजारी ठेवावं, हे बेगम बाजारात मिरचीभजी खाताना एका परदेशी पोरीनं मला दाखवलं. मला आजोबांचा अभिमान होताच. त्या दिवशी त्यात थोडी मोकळी हवा शिरली.

पण मर्लीन तिथेच थांबणारी नव्हती. "कल सब हँसे, तुम नई हँसे. प्रज्ञा की टीचर पे."

मी भज्यात लक्ष घातलं.

"हमारी दादी का एक रूल था," ती म्हणाली. "जो गर्दन पे खडा था, उसीच की चाल चलना. गलत आदमी की चले, तो वो नाच नई. वो चुगली."

"पहले प्रज्ञा को बोलना पडेगा," मी म्हणालो. एवढंच. तिनं पुढे विचारलं नाही. डबे मात्र सगळे मला उचलायला लावले.

टिफिनची बंडी

हिमायतनगरात सकाळी लोक उभ्यानं खातात. फुटपाथला बंडी, म्हणजे हातगाडी, तव्यावर हिरव्या मुगाचा डोसा, पेसरट्टू, आत उपमा, वर आल्याची झणझणीत चटणी. आमच्याकडे नाश्त्याला माणूस बसतो. इथे बसायला जागा शोधणारा मी एकटाच होतो. रविवारी सकाळी प्रज्ञा तिथे मला घेऊन आली. संध्याकाळी कार्यक्रम. घरी केतकी होती, म्हणून मला इथेच बोलावं लागलं.

"प्रज्ञा, मुळे बाईंनी तुला काढलं नव्हतं."

"मग?"

"मी सांगितलं होतं त्यांना."

"अन्ना, चटणी डालूं?" बंडीवाला.

प्रज्ञाचा घास हातात राहिला. "तुम्ही? शाळेत आला होता?"

"हो. जेवणाच्या सुट्टीत. त्या विचारत होत्या, पोरीला काय सांगू. मी म्हणालो, माझं नाव नका सांगू."

"कारं डालूं क्या, अन्ना?" बंडीवाल्याच्या हातात आता लाल तिखटाचा डबा.

"नक्को!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

बंडीवाला बिचारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. प्रज्ञानं प्लेट कडेला ठेवली. "पप्पा, मी ही गोष्ट हॉस्टेलमध्ये सांगितलीय. ऑफिसात सांगितलीय. एका भाषणात सांगितलीय, माईकवर! रंगावरून कसं होतं याचं उदाहरण म्हणून. आई बाजारात त्या बाईंना बघून रस्ता बदलते. आणि तुम्ही गप्प?"

"आजोबांचा नियम होता..."

"नियम सांगायचा होता ना मग मला! पणजोबांनी डफडं नदीत सोडलं, हे मला काल मर्लीनकडून कळलं! मी भांडले असते तुमच्याशी, पण मला कळलं तरी असतं की कशाशी भांडतेय. मी पाचवीपासून आरशाशी भांडत बसले."

तिला रडू आलं तर काय करायचं, या विचारानं मी घाईघाईनं रुमाल काढला, तर त्याला आल्याची चटणी लागलेली. तिनं तो डोळ्यांपर्यंत नेला, वास घेतला आणि लांब धरला. "आता आंधळी करणार का मला?"

हसली असं नाही म्हणणार. पण राग जरा सैल झाला.

"मला राग आहे पप्पा. राहू दे तो थोडे दिवस. घाईनं काढायला लावू नका."

"नाही लावत."

"आणि संध्याकाळी तुम्ही वाजवायचं. मर्लीन म्हणाली, डबा तुमच्यासारखा कुणालाच वाजवता येत नाही."

"घरचा नियम..."

"या नाचात नाचणारी सांगते आणि वाजवणारा ऐकतो. मी जसं पाऊल टाकेन तसं तुम्ही वाजवायचं. पाटील नाही सांगत आहे. मी सांगतेय."

रविवार संध्याकाळ

नारायणगुड्याच्या बाजूला एक लहानसा हॉल. खुर्च्या भरल्या होत्या. शिकायला आलेली आफ्रिकेतली काही मुलं, ऑफिसातली पोरंपोरी, आणि पहिल्या रांगेत ड्रायक्लीनर सहकुटुंब. वर रोज काय धडधडतं ते बघायला आला होता. मर्लीननं मला कडेला बसवलं, डबा मांडीवर आणि हातात कामट्या. पांढरा शर्ट मी घातलाच होता. मर्लीन म्हणाली, वरचं बटन खोलो. मी खोललं.

मर्लीनचा नाच झाला तेव्हा मी आधी तिच्या पायांकडे पाहत होतो, मग मान वर करून तिच्या तोंडाकडे. एवढी ऐट, एवढी मस्करी, आणि त्याखाली कुठेतरी धार. ज्यांना साखळ्या घातल्या त्यांच्या नातीची नात हैदराबादेत झगा उडवत मालकाला वेडावते आहे, आणि ड्रायक्लीनर शिट्ट्या मारतो आहे. केतकीचा टीम लीडर झाला. तिच्या ऑफिसातली पोरं हसताना इकडे तिकडे बघत होती, कुणी वर कळवेल की काय म्हणून.

मग प्रज्ञा आली. पदर नव्हता, चष्मा नव्हता. तिनं हात मागे बांधले. हनुवटी आत घेतली. कुणाशी डोळा भिडू नये म्हणून नजर पुढच्याच्या बुटांवर ठेवली, आणि पाय असे टाकू लागली की जणू जमिनीला आवाज ऐकू जाऊ नये. दोन पावलं पुढे, एक मागे, मग घड्याळ बघितलं, मग खिशातला रुमाल काढून न आलेला घाम पुसला.

नांदेडात जे मला ओळखतात त्यांना सांगायला नको. हॉलमधल्या कुणालाच मी माहीत नव्हतो, तरी लोक खो खो हसत होते, कारण असा माणूस बहुधा सगळ्यांच्या घरात असतो. केतकीनं माझ्याकडे बघितलं, मग प्रज्ञाकडे, आणि तोंडावर हात दाबला.

मी वाजवत होतो. ती हळू झाली की मी हळू. ती थबकली की माझी काठी हवेत. एका जागी ती मुद्दाम अर्धं पाऊल उचलून तशीच उभी राहिली, आणि मला बघत राहिली. मी वाट पाहिली. पाऊल खाली आलं तेव्हा मी असा ठोका मारला की ड्रायक्लीनरचं पोर दचकून आईच्या मांडीवर चढलं. मग बांधलेले हात तिनं सोडले, आणि त्याच माणसाला, म्हणजे मला, नाचायला लावलं. तो आधी बोटं हलवतो, मग खांदा, मग गुडघे वाकतात. मला वाजवता वाजवता हसू आवरेना. मिशीत मावण्याएवढं ते नव्हतंच.

शेवटी तिनं माईकवर सांगितलं, "ही चाल माझ्या पप्पांची. त्यांनी मला एकदा नाचातून काढलं होतं. आज त्यांना वाजवायला लावलंय." टाळ्या. मर्लीन ओरडली, "अंकल, खडे हो जाओ!" कुर्सी यावेळी मी स्वतःच सोडली.

परत येऊन

बायकोला फोनवर न सांगता समोर बसून सांगितलं. तिनं आधी चहा केला, मग तो मला दिला नाही. आता बोलते. प्रज्ञाचा राग अजून आहे. फोन कधी तिचा येतो, कधी मी करतो. भाषण जिथे केलं होतं त्या लोकांना तिनं स्वतःहून खरी हकीकत लिहून पाठवली, आणि व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकला. तो नांदेडभर फिरला, त्यामुळे आता ऑफिसात मी समोरून आलो की पोरं हात मागे बांधतात. मला चालतं.

मुळे बाईंच्या घरावरून परवा गेलो. दार उघडं होतं. बाई अंगणात लसूण सोलत होत्या. मी पुढे जाऊन कोथिंबीर घेऊन आलो.

त्यांच्या उंबऱ्यात उभं राहून, त्यांच्या लेकीसुनांच्या देखत, मला सांगायचं आहे की त्या वर्षी चूक माझी होती आणि बोलणी त्यांनी खाल्ली. हे सांगणं अजून झालेलं नाही. ते मी त्यांचं देणं लागतो.